बोटीच्या इंजिनाचं खालचं युनिट परत कसं बसवतात? | माहितीपर लेख

प्रस्तावना

आजच्या लेखाचा विषय वाचून तुम्हाला कदाचित हसू येईल. आपण राहतो अंबाजोगाईत, बालाघाटच्या डोंगररांगेत. समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब. उन्हाळा आला की आपल्याकडे नळाला पाणी किती दिवसांनी येणार याची चर्चा असते. आणि सर आज बोटीच्या इंजिनाबद्दल सांगत बसलेत! "सर, आपल्याकडे बोट कुठंय?" असं कोणीतरी विचारणारच.

प्रश्न बरोबर आहे. म्हणून आधी त्याचंच उत्तर देतो, आणि मग मुख्य विषयाकडे वळू. बोटीच्या मागे पाण्यात बुडालेला जो यंत्राचा भाग असतो, तो दुरुस्तीसाठी काढल्यावर परत कसा बसवायचा, हा आपला विषय आहे. हे काम करताना विज्ञानाच्या पुस्तकातले किती धडे एकाच वेळी उपयोगी पडतात, ते तुम्हाला या लेखात दिसेल.

बोटीचा आपल्याशी काय संबंध?

आपल्या शहराला पाणी येतं ते केज तालुक्यातल्या धनेगावच्या मांजरा धरणातून. हेच धरण लातूरलाही पाणी देतं. एप्रिल २०१६ मध्ये या धरणात पाणी उरलं नव्हतं आणि लातूरकरांसाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. ती पाण्याची रेल्वे तुमच्या आई-वडिलांना चांगली आठवत असेल.

आता त्यानंतर पाचच वर्षांनी काय झालं बघा. सप्टेंबर २०२१ च्या अखेरीस इतका पाऊस झाला की याच धरणाचे सगळे दरवाजे उघडावे लागले. मांजरा काठची गावं पाण्यात गेली. शेतात, वस्तीवर माणसं अडकली. त्यांना बाहेर काढायला हेलिकॉप्टर आलं आणि एनडीआरएफच्या, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या बोटी आल्या. ज्या नदीत काही वर्षांपूर्वी घागर बुडत नव्हती, त्या नदीत इंजिनाच्या बोटी चालल्या.

या बोटी बहुतेक रबरी, हवा भरून फुगवायच्या असतात आणि त्यांच्या मागे एक इंजिन टांगलेलं असतं. त्याला आपत्ती व्यवस्थापनातले लोक 'ओबीएम', म्हणजे आउटबोर्ड मोटर म्हणतात. असं इंजिन वर्षातले अकरा महिने गोदामात पडून असतं आणि एखाद्या रात्री अचानक लागतं. त्या रात्री ते चाललं पाहिजे. ते चालेल की नाही, हे बऱ्याच वेळा त्याच्या खालच्या युनिटाची शेवटची जोडणी कोणी आणि कशी केली होती, यावर ठरतं. म्हणून हा विषय आपला आहे.

स्टर्नड्राइव्ह म्हणजे काय?

बोटीला इंजिन बसवायच्या मुख्य तीन पद्धती आहेत.

पहिली पद्धत : इंजिन बोटीच्या पोटात, आणि एक लांब सरळ दांडा तळातून बाहेर काढून त्याच्या टोकाला पंखा. कोकणातल्या मोठ्या मासेमारी ट्रॉलर अशा असतात.

दुसरी पद्धत : आउटबोर्ड. इंजिन, गिअर, पंखा सगळं एकत्र, बोटीच्या मागच्या भिंतीला बाहेरून टांगलेलं. अमेरिकेत ओल एव्हिनरूड यांनी १९०९ च्या सुमारास अशी इंजिनं विकायला सुरुवात केली आणि ती लोकप्रिय झाली.

तिसरी पद्धत : या दोन्हींचा मेळ. इंजिन बोटीच्या आत मागच्या भिंतीला टेकून, आणि गिअर व पंख्याचा पाय मात्र भिंतीबाहेर. याला स्टर्नड्राइव्ह म्हणतात. 'स्टर्न' म्हणजे बोटीची मागची बाजू. १९५९ मध्ये व्होल्व्हो पेंटा या स्वीडिश कंपनीने 'ॲक्वामॅटिक' नावाने ही रचना बाजारात आणली. तिच्यामागे जिम विन या अमेरिकन अभियंत्याची कल्पना होती. पुढे मर्क्युरी कंपनीने 'मरक्रूझर' नावाने तशीच यंत्रं काढली. वेगाने पळणाऱ्या लहान बोटींत ही पद्धत वापरतात.

स्टर्नड्राइव्हमध्ये ताकद कशी फिरते ते डोळ्यांसमोर आणा. इंजिनातून आडवा दांडा बाहेर येतो. वरच्या गिअरपेटीत तो काटकोनात वळून खाली जातो. खालच्या गिअरपेटीत पुन्हा काटकोनात वळतो आणि पंख्याला फिरवतो. आडवा, उभा, पुन्हा आडवा. इंग्रजी 'झेड' अक्षरासारखा हा रस्ता असतो, म्हणून काही जण त्याला झेड-ड्राइव्ह असंही म्हणतात.

यातली खालची गिअरपेटी आणि पंखा मिळून जो भाग होतो, त्याला खालचं युनिट किंवा लोअर युनिट म्हणतात. ओबीएमलाही खाली जवळपास असंच युनिट असतं. त्यामुळे एकाचं तत्त्व समजलं की दुसऱ्याचंही समजतं.

ट्रॅक्टरवरून समजून घेऊ

हे सगळं परकं वाटत असेल, तर शेतातल्या ट्रॅक्टरकडे बघा. ट्रॅक्टरच्या मागे पीटीओचा दांडा असतो. त्याला आपण रोटाव्हेटर जोडतो. नेहमीच्या पीटीओच्या दांड्यावर ६ उभे दाते असतात आणि तो मिनिटाला ५४० फेरे फिरेल असा बनवलेला असतो. रोटाव्हेटरच्या नळीत आतून तसेच खाचे असतात. दाते खाचांसमोर आले की नळी अलगद आत सरकते. नाही आले, तर कितीही ढकला, सरकत नाही. या दात्यांना मेकॅनिक लोक 'स्प्लाइन' म्हणतात.

आमच्या घरी एकदा पेरणीच्या घाईत रोटाव्हेटर जोडताना नळी बसेना. चुलतभावाने हातोडा घेतला आणि दोन-चार ठोके घातले. दात्यांची टोकं चेपली. मग ती कानस घेऊन घासत बसावं लागलं आणि वापशाचे दोन दिवस वाया गेले. वडील एवढंच म्हणाले, "अरे, थोडं फिरवलं असतंस तर बसलं असतं की." बोटीचं खालचं युनिट बसवताना हेच वाक्य लक्षात ठेवायचं असतं. फरक इतकाच की ट्रॅक्टरवर एकच जोड असतो आणि तो डोळ्यांना दिसतो. बोटीत तीन-चार जोड एकाच वेळी जुळवायचे असतात आणि शेवटच्या क्षणी त्यातला एकही दिसत नाही.

खालच्या युनिटात काय काय असतं?

१) उभा दांडा : याला ड्राइव्ह शाफ्ट म्हणतात. युनिटातून वर आलेला असतो. टोकाला स्प्लाइन. इंजिनाची ताकद यातूनच खाली येते.

२) गिअर : उभ्या दांड्याच्या खालच्या टोकाला एक लहान गिअर असतो. त्याच्या पुढे आणि मागे एकेक मोठा गिअर. लहान गिअर फिरला की हे दोन्ही मोठे गिअर एकमेकांच्या उलट दिशेने सतत फिरत राहतात. मधे एक सरकणारा तुकडा असतो. तो पुढच्या गिअरला अडकला की बोट पुढे, मागच्याला अडकला की मागे, आणि मधे राहिला की न्यूट्रल. म्हणजे न्यूट्रलमध्ये गिअर फिरतात, पण पंखा त्यांना जोडलेला नसतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. (काही कंपन्यांच्या स्टर्नड्राइव्हमध्ये ही अदलाबदल वरच्या पेटीत होते. तिथे खालचं युनिट आणखी साधं असतं.)

३) गिअर बदलणारी दांडी : चालकाने कळ ओढली की ही दांडी वळते किंवा वर-खाली होते आणि तो मधला तुकडा सरकवते. हिलाही वरच्या भागाशी जोड असतो.

४) पाण्याचा पंप : बोटीच्या इंजिनाला गाडीसारखा हवेचा रेडिएटर नसतो. नदीचं किंवा समुद्राचं पाणीच ओढून इंजिन थंड ठेवतात. बऱ्याच युनिटांत उभ्या दांड्यावरच रबरी पाकळ्यांचं एक फूल बसवलेलं असतं. त्याला इम्पेलर म्हणतात. ते ज्या वाटीत फिरतं, तिचा मध्य थोडा बाजूला असतो. त्यामुळे पाकळ्या एका बाजूला दबतात आणि दुसऱ्या बाजूला उघडतात. उघडताना पाणी ओढतात, दबताना ढकलतात. ढकललेलं पाणी एका नळीतून वर इंजिनाकडे जातं.

५) सील आणि ओ-रिंग : आतलं तेल आत आणि बाहेरचं पाणी बाहेर ठेवणाऱ्या रबरी कड्या. किंमत थोडी, पण संपूर्ण गिअरपेटीचं आयुष्य त्यांच्यावर अवलंबून.

६) बळी जाणारा तुकडा : ॲल्युमिनियमच्या युनिटावर जस्ताचा किंवा तत्सम धातूचा एक तुकडा बसवतात. दोन वेगळे धातू पाण्यात एकत्र आले की विद्युतघटासारखी क्रिया होऊन एक धातू झिजतो. तो झिजणारा धातू युनिटाचा नको, म्हणून हा तुकडा स्वतः झिजतो. खाऱ्या पाण्यात जस्त चालतं. गोड्या पाण्यात, म्हणजे आपल्या धरणा-नद्यांत मॅग्नेशियम जास्त उपयोगी. या तुकड्याला रंग कधीच लावायचा नाही, कारण रंगाखाली तो झाकला गेला की त्याचं काम थांबतं.

युनिट उतरवावं का लागतं?

मुख्य कारण म्हणजे इम्पेलर बदलणं. रबर पडून राहिलं तरी कडक होतं, पाकळ्या एकाच आकारात वाकून बसतात. गाळाच्या पाण्यात तर लवकरच झिजतात. पुराचं पाणी म्हणजे माती, कडबा, प्लॅस्टिक सगळंच. याशिवाय सील गळत असेल, गिअरमधून आवाज येत असेल किंवा पंखा दगडावर आदळला असेल, तरी युनिट खाली घ्यावं लागतं.

तेल काढल्यावर ते दुधाळ, चहासारखं दिसलं, तर समजायचं की आत पाणी शिरलंय. तेल आणि पाणी एरवी मिसळत नाहीत, पण गिअर फिरताना ते इतके घुसळले जातात की पाण्याचे बारीक थेंब तेलात अडकून राहतात. असं तेल गिअरला वंगण देऊ शकत नाही. नुसतं तेल बदलून युनिट परत बसवलं, तर दुखणं तसंच राहतं. सील कुठलं गळतंय ते आधी शोधायला हवं.

बसवण्यापूर्वीची तयारी

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. हे काम तुम्ही एकट्याने करायचं नाही. जाणकार मेकॅनिक सोबत हवा आणि त्या यंत्राची माहितीपुस्तिका हवी. हा लेख कामामागचं कारण समजावण्यासाठी आहे.

• इंजिन चुकून सुरू होऊ नये म्हणून बॅटरीची तार काढा. ओबीएम असेल तर सुरक्षा-दोरीची चावी काढून ठेवा. पंखाही उतरवून ठेवलेला बरा.

• दोन्ही तोंडं, वरच्या भागाचं आणि खालच्या युनिटाचं, स्वच्छ पुसा. जुन्या पॅकिंगचा तुकडा चिकटून राहिला तर तिथे फट राहते.

• इम्पेलर, पॅकिंग, ओ-रिंग नवीन घ्या. जुनी ओ-रिंग चांगली दिसली तरी ती दबून चपटी झालेली असते.

• उभ्या दांड्याच्या स्प्लाइनला पाण्यात न धुतलं जाणारं ग्रीस लावा, पण दांड्याच्या अगदी वरच्या टोकावर ग्रीसचा गोळा ठेवू नका. याचं कारण मजेशीर आहे. द्रव दाबून त्याचं आकारमान फारसं कमी होत नाही, हे तुम्ही शिकला आहात. टोकावरचं ग्रीस बंद खळग्यात अडकलं, तर त्याला जायला जागा राहत नाही आणि ते दांड्याला वर चढूच देत नाही. बाहेरून वाटतं, स्प्लाइन जुळत नाहीत. खरं तर अडथळा ग्रीसचाच असतो!

• काढताना कुठली दांडी कोणत्या गिअरमध्ये होती, ते लिहून ठेवलेलं असावं. बऱ्याच युनिटांत पंख्याच्या वर एक छोटं सुकाणूसारखं पातं असतं. त्याच्याखाली एक बोल्ट लपलेला असतो. ते पातं काढण्याआधी खुणेची रेघ मारावी. ते वेगळ्या कोनात बसलं, तर बोट एका बाजूला ओढते.

मोबाइलवर फोटो काढून ठेवण्याची सवय इथे फार कामाला येते.

प्रत्यक्ष बसवताना

पहिली पायरी : वरची कळ आणि खालचं युनिट एकाच गिअरमध्ये आणा. चालकाजवळची कळ 'पुढे' आणि युनिट 'मागे' अशा स्थितीत जोडलं, तर सगळं काम परत करावं लागतं. कुठला गिअर ठेवायचा ते पुस्तिकेत दिलेलं असतं. पुष्कळ यंत्रांत तो 'पुढे' असतो. का? मघाशी लक्षात ठेवायला सांगितलं होतं ते आठवा. न्यूट्रलमध्ये पंख्याचा दांडा गिअरपासून सुटलेला असतो. 'पुढे' या गिअरमध्ये मात्र पंख्याचा दांडा हाताने फिरवला की आतला उभा दांडाही फिरतो. म्हणजे वर न दिसणारे स्प्लाइन खालून जुळवता येतात.

दुसरी पायरी : दोघांनी युनिट सरळ उभं धरून वर उचला. युनिट जड असतं. तिरपं झालं तर दांड्याचं टोक वरच्या सीलला ओरखडा काढतं. उचलताना पाण्याची नळी तिच्या रबरी तोंडात जातेय का, हे फट मोठी असतानाच बघून घ्या. नंतर दिसणार नाही.

तिसरी पायरी : फट बोटभर राहिली की बहुतेक वेळा युनिट अडतं. घाबरू नका. याचा अर्थ स्प्लाइनचे दाते दात्यांवर आलेत. एकाने युनिट हलकेच वर धरायचं आणि दुसऱ्याने पंख्याचा दांडा थोडा फिरवायचा. फिरवायचा तो इंजिन चालू असताना ज्या दिशेने फिरतो त्याच दिशेने. उलट फिरवला तर इम्पेलरच्या पाकळ्या उलट्या वाकतात. दाते खाचांत आले की युनिट आपोआप एक टप्पा वर सरकतं. हाताला ते लगेच जाणवतं.

चौथी पायरी : अजून थोडी फट राहिली, तर आता गिअरची दांडी अडतेय. एकाने चालकाजवळची कळ अगदी थोडी पुढे-मागे हलवायची. ती जुळली की फट बंद होते.

पाचवी पायरी : इथे बहुतेक जण चुकतात. थोडी फट उरली की वाटतं, बोल्ट लावू आणि पान्याने ओढून घेऊ. असं कधीच करायचं नाही. फट हातानेच बंद झाली पाहिजे. बोल्टमध्ये फार ताकद असते. स्क्रू म्हणजे गुंडाळलेला उतरणीचा पृष्ठभाग, हे आपण साध्या यंत्रांच्या पाठात शिकलो. पान्यावर थोडा जोर दिला की बोल्ट त्याच्या कितीतरी पट जोराने ओढतो. आत काहीतरी अडलेलं असताना त्या जोराने ॲल्युमिनियमचं कवच तडकतं, नाहीतर गिअरची दांडी वाकते. फट राहिली तर युनिट खाली घ्या, बघा, आणि पुन्हा वर न्या. तिसऱ्यांदा घ्यावं लागलं तरी त्यात कमीपणा नाही.

सहावी पायरी : फट पूर्ण मिटल्यावर सगळे नट-बोल्ट आधी हाताने लावा. मग समोरासमोरचे थोडेथोडे आवळा. एका बाजूचे पूर्ण आवळून मग दुसऱ्या बाजूला गेलात तर तोंड तिरकं दबतं. शेवटचा जोर टॉर्क पान्याने, पुस्तिकेत दिलेल्या आकड्याइतकाच द्या. टॉर्क म्हणजे बल गुणिले अंतर. पाना दुप्पट लांब घेतला, की तेवढ्याच हाताच्या जोराने टॉर्क दुप्पट होतो. म्हणूनच पान्याला पाइप लावून आवळणारा माणूस बोल्ट तोडतो.

तेल भरण्याची उलटी रीत

आपण डब्यात तेल वरून ओततो. इथे उलटं असतं. युनिटाला दोन भोकं असतात, एक खाली आणि एक वर. तेल खालच्या भोकातून पंपाने वर चढवायचं. कारण वरून ओतलं तर आतली हवा अडकून राहते आणि पेटी भरल्यासारखी वाटते, पण भरलेली नसते. खालून भरलं की तेल हवेला पुढे ढकलत वर नेतं आणि वरच्या भोकातून बाहेर काढतं. वरून बुडबुडे न येता स्वच्छ तेल यायला लागलं की पेटी भरली.

आता बूच लावायचा क्रम. आधी वरचं, मग खालचं. वरचं बंद असलं की खालचं बूच लावेपर्यंत तेल पटकन सांडत नाही. तुम्ही ग्लासात स्ट्रॉ बुडवून वरचं तोंड बोटाने बंद करून उचलता, तेव्हा सरबत स्ट्रॉमध्ये थांबतं ना? तेच तत्त्व. बुचांखालच्या कड्याही नव्या टाकायच्या.

चाचणी : काम इथे संपत नाही

युनिट बसलं, तेल भरलं, म्हणून काम झालं असं नाही. इंजिन कोरडं कधीही सुरू करायचं नाही. इम्पेलरच्या रबराला पाणीच वंगण देतं. पाण्याशिवाय ते काही सेकंदांतच तापून खराब होऊ लागतं. म्हणून लहान ओबीएम असेल तर पाण्याच्या पिंपात पाय बुडवतात. स्टर्नड्राइव्ह असेल तर पाणी ओढायच्या जाळीवर रबरी कप लावून त्याला नळाची नळी जोडतात.

इंजिन सुरू झाल्यावर ओबीएमच्या बाजूने पाण्याची बारीक धार बाहेर पडते. ती धार म्हणजे पंप आणि नळी नीट जोडल्याची खूण. धार आली नाही तर लगेच इंजिन बंद. बहुतेक वेळा पाण्याची नळी तिच्या तोंडात बसलेली नसते. स्टर्नड्राइव्हला अशी धार सहसा नसते, तिथे तापमानाच्या काट्यावर लक्ष ठेवायचं.

मग पुढे, न्यूट्रल, मागे असे गिअर हळू बदलून बघायचे. कळ न्यूट्रलला असताना पंख्याचा दांडा जोडलेला नाही ना, हे नक्की करायचं. शेवटी बोट पाण्यात, शांत आणि मोकळ्या जागी. थोडी चालवून परत काठावर आणायची. बोल्ट, बूच, तेलाची पातळी पुन्हा बघायची.

'मोकळ्या जागी' हा शब्द मी मुद्दाम लिहिला. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईच्या बंदरात, गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीला नौदलाची एक वेगवान बोट धडकली. तिच्या इंजिनाची चाचणी सुरू होती आणि इंजिनात बिघाड होऊन तिच्यावरचा ताबा सुटला, असं नौदलाने सांगितलं. तेराहून अधिक माणसं त्यात गेली. तो बिघाड आपल्या विषयातल्या युनिटाचा होता, असं माझं म्हणणं नाही. पण हात लावलेलं यंत्र परत विश्वासाचं झालंय की नाही, हे चाचणीनंतरच कळतं. तोपर्यंत ते माणसांपासून लांब ठेवायचं, एवढं या दुर्घटनेतून घ्यायला हवं.

नेहमी होणाऱ्या चुका आणि त्यांचे परिणाम

• पाण्याची नळी सुटली : इंजिन सुरू होतं, बोट निघते, आणि काही मिनिटांत इंजिन तापून बंद पडतं. पुरात हे मध्य प्रवाहात होतं.

• गिअरची दांडी चुकीच्या जागी बसली : कळ न्यूट्रलला, पण बोट पुढेच. काठावर माणसं चढत असताना हे फार धोक्याचं.

• बुचाखालची जुनी कडी ठेवली : पाणी थेंब थेंब आत जातं. लगेच काही कळत नाही. पुढच्या पावसाळ्यात गिअर गंजलेले सापडतात.

• बोल्टने ओढून घेतलं : कवचाला केसासारखी तडा. तीही लगेच दिसत नाही.

बघा, यातल्या बहुतेक चुका बाहेरून दिसत नाहीत. युनिट बसलेलं दिसतं, रंग चमकतो, आणि गोदामाच्या वहीत 'दुरुस्त' असं लिहिलं जातं.

उपसंहार

२०२१ च्या त्या दिवसांत मांजरा काठच्या शेतात अडकलेल्या माणसाचा विचार करा. कमरेएवढं पाणी, आजूबाजूला अंधार, आणि लांबून इंजिनाचा आवाज येतोय. ती बोट त्याच्यापर्यंत पोहोचते, कारण काही महिन्यांपूर्वी कुठल्यातरी शेडमध्ये एका मेकॅनिकने बोटभर फट उरली असताना पाना उचलला नाही. त्याने युनिट परत खाली घेतलं, नळी नीट लावली, दांडा थोडा फिरवला आणि पुन्हा वर नेलं. त्या मेकॅनिकचं नाव अडकलेल्या माणसाला कधीच कळणार नाही.

आपल्याकडे आयटीआयला जाणारी, गॅरेजवर हाताखाली काम शिकणारी बरीच मुलं आहेत. त्यांना मी एवढंच सांगेन. जे जोड झाकले जाणार आहेत, तेच आधी आणि जास्त नीट बघा. बसत नसेल तर जोर लावण्याआधी थांबा, आणि का बसत नाही ते शोधा. विहिरीतली मोटार असो, पीटीओ असो की बोटीचं खालचं युनिट, ही रीत एकच आहे.

स्वाध्याय

१) स्टर्नड्राइव्ह आणि आउटबोर्ड यांतला मुख्य फरक तुमच्या शब्दांत लिहा.

२) युनिट बसवताना ते 'पुढे' या गिअरमध्ये का ठेवतात? न्यूट्रलमध्ये ठेवलं तर कोणती अडचण येईल?

३) गिअर ऑइल खालून वर का भरतात? स्ट्रॉचं उदाहरण देऊन स्पष्ट करा.

४) तुमच्या शेतातल्या किंवा घरातल्या एखाद्या यंत्राचा जोड बघा. त्यातला कोणता भाग बसवल्यानंतर दिसत नाही? तो नीट बसलाय हे कसं तपासाल? दहा ओळी लिहा.